टोपीखालचा प्राणी

खोल समुद्राच्या तळाशी बुडालेल्या लाकडांवर, देवमाशांच्या हाडांवर, शार्कच्या अंड्यांच्या रिकाम्या वेष्टनांवर काही मिलिमीटर लांबीचे लिंपेट आढळतात. कोकणच्या खडकांना चिकटून बसणाऱ्या लिंपेटांप्रमाणे त्यांचेही कवच टोपीसारखे असते. पण टोपी सारखी म्हणून नाते जवळचे, असे मानता येत नाही.

यांपैकी ‘कॉक्युलिना’ या प्रजातीचे वर्णन डॉल यांनी १८८२ मध्ये केले. पुढे बराच काळ वर्गीकरणाची भिस्त राहिली ती कवचावर आणि रॅड्युला या किसणीसारख्या दातेरी पट्टीवर. गेरहार्ड हाझप्रुनार यांच्या १९८७-८८ मधील लेखनाचे महत्त्व असे की, त्यांनी टोपीखालचा प्राणी पाहिला. कल्ले, हृदय, उत्सर्जक अवयव, मज्जासंस्था व जननग्रंथी यांची रचना त्यांनी तपशिलाने मांडली आणि ‘कॉक्युलिनॉइडिया’ व ‘लेपेटेलॉइडिया’ ही दोन अधिकुळे ‘कॉक्युलिनिफॉर्मिया’ या एका गटात आणली.

हा गट टिकला नाही. बूशे व रोक्रॉ यांच्या २००५ मधील वर्गीकरणात लेपेटेलॉइडिया ‘व्हेटिगॅस्ट्रोपोडा’त गेले. पुढे डीएनएच्या अभ्यासांनीही दोन्ही अधिकुळे दूरचीच ठरवली.

मग हे काम वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. निरीक्षण आणि निष्कर्ष यांचे मोल वेगवेगळे करावयास हवे. लहान शरीर, बहुतेकांत निकामी झालेले डोळे, एकाच प्राण्यात नर व मादी यांची इंद्रिये, ही लक्षणे दोन्हींत आहेत. परंतु अंधारात, विरळ अन्नावर जगणाऱ्या प्राण्यांत ती स्वतंत्रपणेही येऊ शकतात. कवच फसवते, तशी शरीररचनाही फसवू शकते. मात्र दोन्हींच्या कल्ल्यांमधील फरकही हाझप्रुनार यांनीच नोंदवला होता. म्हणजे त्यांचा निष्कर्ष तपासण्याचे साधन त्यांच्याच नोंदींत होते. कामाचा कस यातच लागतो.

आमची तक्रार आहे ती वर्गीकरण पाठांतरासाठी नेमण्याच्या आपल्या रिवाजाबद्दल. संघ, वर्ग, गण ही नावे विद्यार्थी घोकतात. त्यांमागे कोणता पुरावा आहे, हे क्वचितच विचारले जाते. शिक्षकांनी निदान एका गटाबाबत तरी दोन प्रश्न विचारावेत: हे प्राणी एकत्र कशावरून ठेवले? आणि काय आढळले तर ते वेगळे करावे लागतील? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर त्या गटाचे नाव पाठ करून विज्ञान शिकल्यासारखे होणार नाही.