शेपटीवरची पणती

यंदा दिवाळीला चिखलीत नातवाजवळ बसून ‘पोकेमॉन’ पाहिला. सातोशी ताजिरी यांचा हा जपानी खेळ १९९६ चा. बरेच प्राणी रानात पकडावे लागतात; चारमँडर मात्र आरंभीच ओक गुरुजींकडून मिळतो. त्याच्या शेपटीवर ज्योत. ती विझली की प्राण गेला! ब्रॉकच्या दगडी प्राण्यांपुढे ही आग फिकी पडते, आणि म्हणूनच जीव गुंततो. सोळाव्या पातळीला तो चारमीलियन, छत्तिसाव्या पातळीला पंखवाला चारिझार्ड होतो. बळ वाढते, जिव्हाळा उणावतो. हा मला दोष वाटला. पण रूपांतर चालू असता एक कळ दाबली की ते थांबते! नातवाने ती दाबली. “आजोबा, राहू द्या ना लहानच!” एवढी मुभा ठेवणाऱ्या कर्त्याला मी कलावंतच म्हणेन.