पाटपाणी आणि आपली ग्रामीण कादंबरी

राहुरी-श्रीरामपूरकडच्या पाटाखालील शेतांत एके काळी '४१९' या जातीचा ऊस सर्वत्र उभा असे. जुने शेतकरी त्याला नुसते 'चारशे एकोणीस' म्हणत. जुना पुंड्या ऊस मागे पडला तो अशाच नव्या जातींमुळे. ४१९ तयार झाला कोईमतूरच्या केंद्रात, १९३० च्या दशकात; पण त्याच्या मायबापांपैकी एक जावा बेटातले होते. पूर्व जावातील पासुरुआनच्या केंद्रात डच संशोधकांनी काढलेली २८७८ क्रमांकाची जात ती हीच. आमच्या भागात माडीची घरे ज्या उसाने उठवली, त्याचे निम्मे कूळ असे जावाचे आहे.

ही शेतकीची माहिती वाङ्मयाच्या पानांत आणण्याचे कारण आहे. जावातील खेड्याचे उसाने, कॉफीने आणि सक्तीच्या पिकांनी काय केले, हे त्या खेड्याविषयी लिहिणाऱ्यांनी जगाला सांगितले. आमच्या पाटाखालच्या खेड्याचे उसाने काय केले, हे मराठी कादंबरीने जवळजवळ सांगितलेलेच नाही. अपवाद दाखवता येतील. परंतु अपवादांनी प्रवाह होत नाही.

आपल्या ग्रामीण कादंबरीची थोरवी मला कमी करावयाची नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) मी जितक्या वेळा वाचली, तितकी अन्य कोणतीही मराठी कादंबरी वाचलेली नाही. शाळामास्तराला ती आपलीच वाटावी यात नवल नाही. बैलाच्या जोडीला स्वतःला जुंपून घेणारी शेकूची बायको विसरता येत नाही. उद्धव शेळक्यांच्या 'धग' (१९६०) मधील कौतिक पैपैचा हिशेब करीत जगते आणि तरी हरते. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' (१९७१) आणि सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२) यांतही माणसे परिस्थितीखाली भरडली जातात. या साऱ्या कादंबऱ्यांचे आभाळ मात्र एकच आहे. ते कोरडवाहू आहे. पाऊस येतो किंवा येत नाही, आणि त्यावर माणसाचे बरेवाईट ठरते. दुष्काळ पडला की वाडी उठते, मेंढरे निघून जातात आणि कादंबरी संपते.

पाटाखालच्या गावात कादंबरी अशी संपणार नाही. तेथे आभाळाकडे पाहणाऱ्यापेक्षा चारीकडे पाहणारा माणूस अधिक. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेचे कालवे वाहू लागले. पुढे बारागाव नांदूरला मुळा नदीवर २६ अब्ज घनफुटांचे धरण झाले. तेव्हापासून या भागातील निम्मे तंटे पाळीचे आहेत. पाणी कोणत्या दिवशी सुटणार, रात्री कोणाच्या शेतात जाणार, वरच्याने दारे फोडले की काय, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत धार पोचेल की नाही, यांवर भाऊबंदकी चालते, सोयरिकी जुळतात आणि मोडतात. पौषातल्या थंडीत कंदील घेऊन, गुडघाभर चिखलात उभे राहून दारे धरणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते, हे कोणी लिहिले आहे? मला तरी तसे पान आठवत नाही.

या गावाचे पंचांगही निराळे. कोरडवाहू कादंबरीचे वर्ष मृगाला उघडते आणि सुगीला मिटते. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा राहतो. तेवढा काळ घरात पैसा नाही. सोसायटीचे कर्ज आहे, खताची उधारी आहे, मुलीचे लग्न उसाच्या बिलावर ठरलेले आहे. त्यानंतर तोडीची चिठ्ठी. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटते. आणि चिठ्ठी कोणाची आधी निघते यात गावचे सारे राजकारण येऊन बसते. शंकर पाटलांनी 'टारफुला'त (१९६४) पाटीलकीची सत्ता किती बारकाईने उलगडली! तेवढ्याच बारकाईने कोणी तोडीच्या चिठ्ठीची सत्ता उलगडली असती, तर १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सुरू केलेल्या सहकारी कारखान्यापासून आजपर्यंतचा या जिल्ह्याचा इतिहास एका कादंबरीत सापडला असता. सहकाराने सावकाराचा फास सैल केला हे खरे, आणि गावात नव्या पाटीलक्या निर्माण केल्या हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अंगी दाखवणे हे कादंबरीचेच काम आहे, कारण अहवालाला ते जमत नाही आणि भाषणाला परवडत नाही.

आणखी एक गोष्ट. बारमाही पाण्याने कित्येकांच्या जमिनी चोपण झाल्या, वर पांढरे मीठ फुटले. ज्या पाण्याने घर उभे केले त्याच पाण्याने वावर मारले. शोकांतिकेचा याहून चांगला विषय कोणता? पण आपल्या लेखकांना अभावाचीच शोकांतिका दिसते. अतिरेकाची दिसत नाही.

येथे जावाकडे पुन्हा वळतो. एदुआर्द दौवेस देकर हा तेथील डच अंमलदार. पश्चिम जावातील लेबाकची नोकरी सोडून त्याने १८६० साली 'मुलतातुली' या नावाने 'माक्स हाफेलार' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिची सुरुवात जावात होत नाही. आम्स्टरडॅममधील एका कॉफीच्या दलालापासून होते. हा दलाल कोता, स्वतःवर खूष आणि हिशेबात पक्का असा आहे. पुढे सैजा नावाच्या शेतकरी पोराच्या बापाचा रेडा परगण्याचा सरदार ओढून नेतो, ते वाचताना त्या रेड्याची किंमत शेवटी कोणाच्या वहीत जमा होते, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. आपल्या आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (१९७१) मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरे विकली जातात आणि नारबा एकटा पडतो. मुक्या जनावरांवरचे असे प्रेम मराठीत दुसरीकडे क्वचितच आले असेल. भाषेच्या दृष्टीने तर यादव मुलतातुलीच्या पुष्कळ पुढे आहेत. परंतु ट्रॅक्टरचे पैसे कोठून आले, मालकाचे गणित काय, हे नारबाला कळत नाही आणि म्हणून आपल्यालाही कळत नाही. यादवांनी दुःख दाखवले. मुलतातुलीने दुःख आणि त्याची वही दोन्ही दाखवली.

पुढे क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाने १९६३ साली लिहिले, की जावातील भातखाचरांतच ऊस पिकवला गेल्याने साखरेचा पैसा बाहेर गेला आणि वाढती माणसे त्याच खाचरांत सामावून घेता घेता खेड्याने गरिबी वाटून घेतली. नंतरच्या अभ्यासकांनी हे मत खोडून काढण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. गावात सारेच सारखे गरीब नव्हते, असे त्यांनी दाखवले. आमच्याकडे तर असे वाटून घेण्याचा प्रश्नच नव्हता. येथे ऊस ज्याचा, तो एक. आणि तोडणारा दुसऱ्याच गावचा. दसरा झाला की पाथर्डीकडून, बीडकडून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. माणसांच्या जोडीला हत्याराचे नाव देणारा हा धंदा आहे! मुकादमाची उचल अंगावर घेऊन ते येतात, पाचटाच्या कोप्यांत राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची मुले शाळेच्या आसपास दिसतात. हजेरीपटावर कधी येतात, कधी येत नाहीत, आणि परीक्षेला क्वचितच उरतात.

ही वही मराठीत कोणी उघडलीच नाही असे मात्र नाही. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये आणि त्रिंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाडा' (१९१५) मध्ये खेड्याचे देणेघेणे मांडले. दोघांची मते एकमेकांपासून कितीतरी दूर, पण दोघेही गावाकडे भावुकपणे पाहत नाहीत. दया पवार याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. ज्या प्रवरेचे पाणी खाली आमच्या पाटांत येते, तिच्याच वरच्या अंगाचा हा मुलूख. त्यांच्या 'बलुतं'ने (१९७८) गावाचा हिशेब खालच्या बाजूने वाचला. मात्र ही तिन्ही पुस्तके कादंबऱ्या नव्हेत. वैचारिक लेखनाने आणि आत्मकथनाने जे केले, ते कादंबरीने आपल्या अंगावर घेतले नाही. कोरडवाहू गावाचे दुःख निरपराध असते, ते सांगताना लेखकाला कोणाचा रोष पत्करावा लागत नाही. पाटाखालच्या गावात मात्र शेजारी, सोयरा, संचालक आणि शाळेच्या कमिटीवरचा माणूस एकच असतो, हे त्याचे एक कारण असावे.

विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१) पाण्याच्या सर्वांत जवळ गेली. धरणात गाव बुडालेल्यांची ती कहाणी आहे, आणि कचेऱ्यांतील लूट तिने नावनिशीवार म्हणावी इतक्या तपशिलाने मांडली. तीही भिंतीच्या वरच्या बाजूलाच थांबते. त्या भिंतीखालून पाणी पुढे निघते, मोठ्या कालव्यातून चारीत, चारीतून पोटचारीत, आणि एखाद्या रात्री दोनच्या सुमारास टेलच्या माणसाचा नंबर येतो तेव्हा वर कोणीतरी दारे फोडलेले असते.