अतिप्रवाही हेलियम आणि निरोधनाचे वेष्टन : एका प्रचलित मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना
अतिसंवाहक चुंबकांचे पदवी स्तरावरील मराठी विवेचन अनेकदा एका विधानापाशी थांबते : अतिप्रवाही हेलियम उष्णतेचे विलक्षण वेगाने वहन करतो, म्हणून चुंबक थंड राहतो. विधानाचा पूर्वार्ध यथार्थ आहे. त्यातील 'म्हणून' मात्र चिकित्सेस पात्र आहे.

उदाहरणाची मर्यादा
ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील विद्यार्थ्याला अतिसंवाहक चुंबकाचा परिचय होतो तो बहुधा रुग्णालयातील एमआरआय यंत्रामुळे. अध्यापनात हेच उदाहरण सोयीचे ठरते. परंतु तेथील चुंबक सामान्यतः सुमारे 4.2 केल्विन तापमानाच्या साध्या द्रव हेलियमने थंड ठेवतात. बंद मंडलात फिरणाऱ्या प्रवाहाला जवळजवळ रोध नसल्याने वेटोळ्याच्या आत फारशी उष्णता निर्माणच होत नाही. परिणामी, अतिसंवाहकता समजावणारे हे उदाहरण उष्णतानिष्कासनाचा प्रश्न मात्र झाकून टाकते.

हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो जिनिव्हाजवळील 'सेर्न'च्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये. तेथील 1232 द्विध्रुवी चुंबक 1.9 केल्विनला कार्य करतात. शलाकेतून भरकटलेले कण वेटोळ्याच्या आतच ऊर्जा सोडतात. ती वेळीच बाहेर न गेल्यास निओबियम-टायटॅनियमची तार अतिसंवाहकता गमावते. यालाच 'क्वेंच' म्हणतात.

वेष्टनाचे द्वंद्व
2.17 केल्विनखाली हेलियम अतिप्रवाही होतो. त्या तापमानाला एकक घनफळामागे त्याची उष्णता सामावण्याची क्षमता तारेच्या धातूपेक्षा सुमारे 2000 पट असते. तथापि केबल आणि बाहेरील हेलियम यांच्यामध्ये पॉलिइमाइड फितीचे विद्युत् निरोधन असते. या पदार्थाची औष्णिक संवाहकता तांब्याच्या तुलनेत हजारो पटींनी कमी आहे. शिवाय घन पदार्थ व हेलियम यांच्या सीमेवरही रोध असतो. प्योतर कपित्झा यांनी तो 1941 मध्ये दाखवून दिला. विजेला अडवणारे वेष्टन अशा रीतीने उष्णतेलाही अडवते.

यावरील उपाय फितीच्या गुंडाळणीत आहे. सेर्नच्या केबलवर फितीचे तीन थर असून, गोंद लावलेल्या बाह्य थराच्या वेढ्यांत सुमारे 2 मिमी अंतर सोडलेले असते. या फटींतून हेलियम आत शिरतो व उष्णतेला वाट मिळते. परंतु ही वाट अमर्याद नाही. प्रक्षुब्ध अवस्थेत तापमान-प्रवणता उष्णताप्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; प्रवाह दुप्पट झाला की प्रवणता आठपट होते. फटीतील हेलियम 2.17 केल्विन ओलांडतो तेव्हा त्याचे वैशिष्ट्यच लोपते. निओबियम-टिनच्या नव्या वेटोळ्यांत तर राळ भरलेली असल्याने केबलपर्यंत हेलियम पोहोचतच नाही. म्हणजे द्रव तोच असला, तरी निष्कासनाची मर्यादा वेष्टनाच्या रचनेवर ठरते.

परिभाषेचा प्रश्न
'अतिसंवाहक' व 'अतिप्रवाही' या संज्ञांतील 'अति' हा उपसर्गही संभ्रमास हातभार लावतो. पहिल्या संज्ञेत तो विद्युत्-रोधाचा अभाव दर्शवतो, तर दुसऱ्या संज्ञेत श्यानतेचा. उष्णतावहनाचा उल्लेख दोहोंतही नाही. तो स्वतंत्रपणे सांगितला नाही, तर वाचक 'अति' म्हणजे 'सर्वच बाबतींत श्रेष्ठ' असा अर्थ घेतो.

निष्कर्ष
या कोलायडरच्या अतिसंवाहक सुधारक चुंबकांच्या निर्मितीत इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा वाटा आहे. मोठ्या चुंबकांच्या शीत चाचण्यांतही अणुऊर्जा विभागाचे अभियंते सहभागी झाले होते. भारत 2017 मध्ये सेर्नचा सहयोगी सदस्य झाला. हे सारे केवळ अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा त्यामागील ज्ञान वर्गाबाहेर राहते. वस्तुतः एकसरीतील औष्णिक रोधांची बेरीज पदवीच्या विद्यार्थ्याला अवघड नाही. तार, सीमा, फीत, फट आणि हेलियमचे कुंड अशी साखळी फळ्यावर मांडली, तर सर्वांत दुबळी कडी कोणती हे तो स्वतःच शोधू शकेल. त्यासाठी प्रयोगशाळेत हेलियम असण्याची आवश्यकता नाही. 'म्हणून' या शब्दाचा हिशेब मागण्याची सवय मात्र आवश्यक आहे.