अरण्याचा धनी कोण?

सोलापूरच्या उघड्या माळाचा अरण्याशीं संबंध तो काय, असें कोणी विचारल्यास कै. मारुती चितमपल्ली यांचें नांव सांगावें. १९३२ सालीं ते याच शहरांत जन्मले, वनखात्यांत त्यांनीं हयात घालविली आणि जून २०२५ मध्यें येथेंच त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या पश्चात् ‘चकवाचांदण’ हें त्यांचें आत्मचरित्र पुनः वाचतांना आमच्या मनांत जी शंका उभी राहिली, ती येथें मांडतों.

चितमपल्लींची विद्या बव्हंशीं रानांतल्या माणसांकडून आलेली आहे व तें ऋण त्यांनीं कधीं लपविलें नाहीं. नवेगावबांधच्या माधवराव पाटलांविषयीं ते गुरूविषयीं लिहावें तसें लिहितात. असा सरकारी अंमलदार विरळाच! पण त्यांच्या लेखनांत गांवकरी वाटाड्या होतो, कथेकरी होतो, गुरुही होतो. रानाचा धनी मात्र तो क्वचितच दिसतो. ज्ञान गांवाचें आणि हुकूम खात्याचा, अशी ती व्यवस्था. चोरटी तोड किंवा वाघाची हत्या यांचा सुगावा पहिल्यानें लागतो तो गांवकऱ्यास. पण झाड सरकारचें, वाघही सरकारचा, आणि साक्ष द्यावयास गेल्यास कोर्टाचे हेलपाटे तेवढे त्याचे! मग त्यानें तोंड कां उघडावें?

याशेजारीं श्री. मिलिंद बोकील यांचें ‘गोष्ट मेंढा गावाची’ ठेवून पाहावें. त्यांची भाषा साधी, प्रसंगीं अहवालासारखी कोरडी आहे. चितमपल्लींच्या रानांतला गंध तींत शोधूं नये. तथापि आमच्या शंकेचें उत्तर मिळतें तें येथें. गडचिरोली जिल्ह्यांतील या गोंड गांवास २००९ मध्यें सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकतां येईना, कारण वाहतुकीचा परवाना खात्याच्या हातीं. परवान्यावांचूनचा बांबू म्हणजे चोरीचा बांबू! एप्रिल २०११ मध्यें केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलें, तेव्हां कालपर्यंत जो गुन्हा होता तो उजळ माथ्याचा व्यापार झाला. स्वतःच्या मालाची राखण करावयास माणसास उपदेश लागत नाहीं.

मात्र एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. नान्नजच्या माळावर ना बांबू, ना साग. तेथें भय फांसाचें, आणि फांस म्हटला कीं लोक पारध्याकडे बोट दाखवितात. १८७१ च्या कायद्यानें ज्यांच्या कपाळीं गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि १९५२ मध्यें कागदोपत्रीं पुसला गेला, अशा जमातींपैकींच ही एक. ज्याच्या पायाखालीं गांवच नाहीं, त्यानें कोणत्या ग्रामसभेंत बसावें? तित्तिराची वाट त्याच्याइतकी कोणास ठाऊक आहे? मेंढ्याचा मार्ग त्याच्या पालापर्यंत कसा न्यावा, हें सांगणारें पुस्तक आम्ही अद्याप वाचलेलें नाहीं.