खरी नक्कल

कचेरीतल्या कागदावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का बसतो तेव्हा त्यात कुणाला विसंगती दिसत नाही. जुन्या मराठी दफ्तरांतही ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा सापडतो. हाती आहे ती नक्कल आहे, मूळ कागद दुसरीकडे आहे आणि दोन्ही समोरासमोर ठेवून कुणीतरी ताडून पाहिले आहेत, एवढ्या तीन गोष्टी तो शेरा सांगतो. भाषांतर करणारे, भाषांतर वाचणारे आणि ऐतिहासिक कादंबरीवरून भांडणारे आपण सगळे याच शेऱ्याभोवती फिरत असतो. म्हणून अमेरिकेतल्या एका छंदातला वाद साहित्याच्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. तो वाद आहे डगल्याच्या टाक्यांचा.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. त्याच्या शताब्दीपासून, म्हणजे १९६१ पासून, त्या लढाया हौशी लोकांनी मैदानात पुन्हा ‘लढून’ दाखवण्याची प्रथा तिथे रुळली. निळे आणि करडे डगले घातलेली माणसे शनिवार-रविवार तंबूत काढतात, बंदुकांचे नुसतेच बार काढतात आणि लढाईच्या ओघात मरून पडतात. या मंडळींत एक उतरंड आहे आणि ती मुख्यतः कपड्यांवरून ठरते. ज्याच्या अंगावर कृत्रिम धाग्याचे कापड आहे किंवा मनगटावर घड्याळ राहिले आहे, तो ‘फार्ब’. हा शब्द कुठून आला याच्या कथा अनेक आहेत, अर्थ मात्र एकच: नकली. दुसऱ्या टोकाला ‘हार्डकोर’ मंडळी. त्यांना चिडवणारे त्यांना टाके मोजणारे म्हणतात.

टोनी हॉरविट्झ यांच्या ‘कॉन्फेडरेट्स इन द ॲटिक’ (१९९८) या पुस्तकाने ही माणसे बाहेरच्या वाचकांना माहीत करून दिली. पितळी गुंड्यांवर जुनेपणाची कळा यावी म्हणून त्या मुतात भिजवणारे, अर्धपोटी सैनिकासारखे दिसावे म्हणून वजन उतरवणारे, थंडीत एकमेकांना चिकटून झोपणारे आणि फुगलेल्या प्रेताचा हुबेहूब अभिनय करणारे. हॉरविट्झ यांची नजर मिस्कील आहे, आणि पुस्तक पुढे दक्षिणेतल्या वर्णद्वेषाकडे गंभीरपणे वळते. तरी वाचकांच्या लक्षात राहिले ते सुरुवातीचे वेड. माझी तक्रार तिथेच आहे. टाके मोजणाऱ्यांना हसून मोकळे झाले की त्यांच्या हातून काय साधले आणि काय निसटले, हे दोन्ही प्रश्न राहून जातात.

आधी काय साधले ते पाहू. दक्षिणेच्या सैनिकाचा डगला पुष्कळदा ‘जीन’ नावाच्या कापडाचा असे. त्याचा ताणा सुती आणि बाणा लोकरी. वनस्पतिजन्य रंगाने करडे केलेले हे कापड उन्हापावसात तपकिरी पडे. त्यामुळे आज संग्रहालयात दिसणारा तपकिरी डगला शिवला त्या दिवशी करडा असू शकतो. नक्कल करणाऱ्याने कोणता रंग घ्यावा, नव्या कपड्याचा की दीडशे वर्षांनंतरचा? उत्तरेचा नेहमीच्या वापरातला डगला सैल, चार गुंड्यांचा, निळीत रंगवलेल्या लोकरीचा. फिलाडेल्फियाच्या सरकारी कोठारातून बायका कापलेले तुकडे घरी नेत आणि नगावर मजुरी घेऊन हाताने शिवून परत आणत; खासगी ठेकेदारांकडे शिवणयंत्रे चालत. म्हणजे काज हाताने घातले आहे की यंत्राने, या एका तपशिलावरून तो डगला कोणत्या व्यवस्थेतून आला याचा अंदाज बांधता येतो. इथे टाका मोजणे म्हणजे तो घालणाऱ्या बाईच्या हातापर्यंत पोचणे आहे. संहितेची पाठचिकित्सा करणारा एका अनुस्वारावर अडतो, त्याच जातीचे हे काम आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

छायाचित्रांचेही तसेच. त्या काळची ओली काच निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. आकाशी विजार चित्रात फिकट दिसते, तर तांबडी पट्टी काळपट. शिवाय बरीच चित्रे आरशातल्यासारखी उलटी उमटत, म्हणून गुंड्या भलत्याच बाजूला दिसतात. हे ठाऊक नसलेला माणूस फोटो पाहून डगला शिवायला बसला, तर पुराव्याशी प्रामाणिक राहूनच चुकेल. चांगला नकलाकार आधी पुराव्याचे व्याकरण शिकतो.

जाणकार आणि नुसता टाके मोजणारा वेगळे होतात ते पुढच्या पायरीवर. संग्रहालयात टिकले काय? अधिकाऱ्याने घरी नेलेला, बायकोने कपाटात जपलेला उंची डगला. साध्या शिपायाचा डगला अंगावरच विरला. अस्सल म्हणून समोर असलेली वस्तू अस्सल आहेच, पण ती सर्वसाधारण आहे असे त्यावरून ठरत नाही. पाच-सहा उरलेल्या नगांवरून पन्नास हजारांच्या फौजेला एकाच साच्यात बसवणे ही चूक कापड अचूक असतानाही होते. आणखी एक गंमत अशी की त्या काळी निकृष्ट कापडाचे, ढिल्या शिलाईचे डगलेही सैनिकांच्या गळ्यात मारले गेले. आज भरपूर पैसे मोजून घेतलेली नक्कल मात्र मजबूत हवी असते. मुळापेक्षा चांगली नक्कल खरी कशी म्हणावी, हा प्रश्न मुळापेक्षा सफाईदार भाषांतर वाचताना आपल्यालाही पडलेला असतो.

फुगलेल्या प्रेताच्या अभिनयाकडेही याच नजरेने पाहावे. तो अभिनय मरणाची नक्कल करत नाही, तो मरणाच्या छायाचित्राची नक्कल करतो. अलेक्झांडर गार्डनर यांनी १८६२ मध्ये अँटीटमच्या रणभूमीवर मृतांची चित्रे टिपली आणि न्यूयॉर्कच्या लोकांनी ती प्रदर्शनात पाहिली. पुढच्याच वर्षी गेटिसबर्गला काढलेल्या त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रातले प्रेत मात्र मूळ जागेवरून उचलून दगडांच्या आडोशाला नेऊन ठेवले होते, असे विसाव्या शतकातल्या संशोधकांनी दाखवून दिले. ज्याला मूळ मानून नक्कल करायची, त्याचीच मांडणी आधी कुणीतरी केलेली होती.

आता काय निसटले ते. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० काळे सैनिक होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत आणि कपड्यांचा भत्ता वेगळा. काळ्या शिपायाचा पगार १० डॉलर ठरला आणि त्यातून ३ डॉलर कपड्यांपोटी कापले जात. हातात ७ उरत. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा पगार घ्यायला नकार दिला. राज्याने फरक भरून द्यायची तयारी दाखवली, तेव्हा तेही पैसे तिने नाकारले. १८६४ च्या जूनमध्ये समान पगाराचा कायदा होईपर्यंत ती पलटण बिनपगारी लढत राहिली. आता एकाच कोठारातून निघालेले दोन डगले शेजारी ठेवा. सूत, नीळ, काज, गुंड्या, सगळे सारखे. एकाचा पैसा सरकारने दिला, दुसऱ्याचा घालणाऱ्याच्या पगारातून वळता झाला. हा फरक कोणत्याही भिंगातून दिसणार नाही. तो डगल्याचाच इतिहास आहे, पण तो वाचायला पगारपत्रक उघडावे लागते.

दुसरी गोष्ट अँटीटमचीच, पण १९८९ सालची. लॉरेन कुक नावाची एक बाई पुरुष सैनिकाच्या वेशात, बासरीवादक म्हणून तिथल्या कार्यक्रमात उतरली होती. महिलांच्या स्वच्छतागृहातून बाहेर पडताना ती ओळखली गेली आणि तिला निघून जायला सांगण्यात आले. सैनिक पुरुष होते, म्हणून बाईने सैनिक होणे इतिहासाला धरून नाही, असा पवित्रा. तिने केंद्र सरकारच्या खात्याविरुद्ध दावा लावला आणि १९९३ मध्ये तो जिंकला.

निकालापेक्षा इथे पुरावा महत्त्वाचा. त्या युद्धात स्त्रिया पुरुषांच्या वेशात लढल्या होत्या. सारा एडमंड्स ही फ्रँकलिन थॉम्पसन या नावाने मिशिगनच्या पलटणीत होती. १८८४ मध्ये अमेरिकी संसदेने तिला निवृत्तिवेतन मंजूर केले. सारा रोझेटा वेकमन न्यूयॉर्कच्या पलटणीत लायन्स वेकमन म्हणून दाखल झाली आणि १८६४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला आजारपणात वारली. तिच्या थडग्यावर तेच पुरुषी नाव आहे. तिने घरी लिहिलेली पत्रे लॉरेन कुक यांनीच संपादित करून १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे डीॲन ब्लँटन यांच्याबरोबर लिहिलेल्या २००२ च्या पुस्तकात त्यांनी अशा सुमारे २५० स्त्रियांचा माग काढला. म्हणजे पुरुषाच्या डगल्यातली बाई ही त्या रणभूमीवरची अस्सल गोष्ट होती. दुर्मीळ होती, हे खरे. पण कित्येक गुंड्याही दुर्मीळ असतात आणि त्यांच्यावर याच वर्तुळात उत्साहाने चर्चा होते. काजाच्या टाक्याला पुरावा मागणाऱ्या छंदात ‘बायका नव्हत्या’ या विधानाला पुरावा मागावा असे त्या दिवशी कुणाला सुचले नाही. जे गृहीत होते ते तपासाच्या बाहेर राहिले.

डगल्याचे धागे आपल्या दारापर्यंतही येतात. उत्तरेच्या नाविक नाकेबंदीने दक्षिणेचा कापूस इंग्लंडला पोचेनासा झाला, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशच्या मातीतल्या पिकावर मुंबईत पैशाचा पूर आला, बॅक बेच्या भरावाचे शेअर आकाशाला भिडले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच प्रेमचंद रायचंदांसकट सगळा बाजार कोसळला. उत्तरेचा डगला निळा होता तो निळीमुळे, आणि त्या काळी जगाच्या बाजारात बंगालच्या निळीचे वर्चस्व होते. युद्धाच्या तोंडावर, १८५९-६० मध्ये, तिथल्या रयतेने नीळ पेरायला नकार देऊन उठाव केला होता. दीनबंधू मित्रांचे ‘नीलदर्पण’ त्याच १८६० सालचे. एखाद्या विशिष्ट डगल्यातली नीळ बंगालचीच होती, हे रंगाकडे पाहून सांगता येणार नाही. पण ‘नीळ खरी हवी’ असा आग्रह धरणाऱ्याने ती कुणाच्या शेतातून येत असे हे विचारले, तर त्याचा आग्रह अधिक खोल होतो.

यावरून कपडे गौण आहेत असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. ‘आशय महत्त्वाचा, तपशिलाचे काय’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. आपल्या ऐतिहासिक नाटकांना ड्रेपरीवाल्याकडची तयार पेशवाई पुरते आणि कादंबऱ्यांना भरजरी विशेषणे. तिथे टाका मोजणारा एखादा आला असता तर बरेच भले झाले असते. त्याने शालूचा काठ तपासला असता, मग तो विणणारा कोण असे विचारले असते आणि तो विणकर नाटकात का नाही इथवर पोचला असता. अमेरिकेतल्या त्या कडक मंडळींची चूक जास्त तपासण्याची नव्हतीच. त्यांनी तपासणे डगल्यापाशी थांबवले आणि आत कोण असू शकते हे आधीच ठरवून टाकले.

खऱ्या नकलेच्या शिक्क्याखाली ताडून पाहणाऱ्याची सही लागते. कोणता मूळ कागद पाहिला, कोणता पाहायचा राहिला, याची जबाबदारी त्या सहीवर येते. डगला असो, कादंबरी असो की भाषांतर, नक्कल खरी असल्याचा निवाडा देणाऱ्याकडे आपण एवढीच मागणी करावी: शिक्का मारलास, आता खाली सही कर.