बूड आणि बुडणे

निवृत्तीनंतर माणसे भजनी मंडळात जातात. आमच्या भाऊजींनी शिडाची होडी घेतली. घर पामला, होडी मुरबे-सातपाटीच्या खाडीत आणि कंबर बोईसरला डॉक्टरांकडे, अशी त्यांची त्रिस्थळी यात्रा सुरू झाली. सुकाणूजवळच्या फळीवर दोन तास बसून आले की ताईला शेकाची पिशवी तयार ठेवावी लागे. शेवटी फर्मान सुटले, "फळीवर गाद्या करू. तू चल, तुला पुस्तकांची पारख आहे, फोमचीही असेल."

स्तुतीला मी बळी पडतो. दुकानात मी अंगठा रुतवला, बसलो, मान डोलावली. "चाळीस डेन्सिटी, साहेब!" दुकानदार म्हणाला. डेन्सिटी म्हणजे घनमीटरला किती किलो वजन. त्यावरून गादी किती टिकेल याचा अदमास येतो, मऊ की कडक ते कळत नाही. पण हे मला कुठे ठाऊक? मी "उत्तम!" असा अभिप्राय दिला. भाऊजी पहिल्या दिवशी नुसते "स्वर्ग!" म्हणाले.

स्वर्ग थोडक्यात हुकला. वाऱ्याच्या एका दिवशी होडी कलली आणि भाऊजी गादीसकट खाडीत. अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्यांनी गादीला मिठी मारली. साध्या फोमची छिद्रे चाळीतल्या खोल्यांसारखी, एकीतून दुसरीत दार उघडे. रेक्झिनच्या शिवणीतून शिरलेले पाणी घरोघर फिरले आणि गादी जड होत चालली. शेजारून जाणाऱ्या एका तांडेलाने हात दिला म्हणून निभावले. ओली गादी होडीत ओढताना तो म्हणाला, "भाऊ, गादी बसून नाय, बुडवून बघायची!"

इतकी नेमकी समीक्षा मला जन्मात जमली नाही. त्या रात्री ताई माझ्याशी बोलली नाही. गादी पुढे आठ दिवस गच्चीवर होती, पण वाळेना. आत राहिलेले मीठ हवेतला ओलावा ओढत होते.

मग नीट चौकशी केली. बंद कप्प्यांचा फोम पाणी पीत नाही, तरंगतो. पण बसायला शाळेच्या बाकाइतका कठीण. जाळीदार फोमच्या छिद्रांतले पडदेच काढलेले असतात. वरून ओतलेले पाणी खालून निघून जाते, बसायला मऊ, पण किंमत ऐकून उभेच राहावेसे वाटते. शेवटी खाली बंद कप्प्यांचा जाड थर, वर जाळीदार पातळ थर, आणि कडेला पाणी निघायला जाळीचे कापड, असा समेट केला. शिवाय जॅकेट. गादी कितीही तरंगली तरी ती जॅकेट नव्हे, हे ताईने दोघांकडून वदवून घेतले.

दुसऱ्या खेपेला दुकानात जाताना मी बादली नेली. दुकानदाराने विचारले, "साहेब, बसून नाही बघणार?"

"बसून झालंय," भाऊजी म्हणाले.