‘डव्हज, डिप्लोमॅट्स अँड डायबेटिस’ : मेंदू, भूक आणि श्रम

अतिआहार, अपुरे श्रम, त्यातून मेद, मेदातून इन्सुलिनरोध आणि अखेरीस वाढलेली रक्तशर्करा, अशी मधुमेहाची कारणसाखळी सर्वपरिचित आहे. उत्क्रांतिशास्त्राचे अभ्यासक डॉ. मिलिंद वाटवे यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डव्हज, डिप्लोमॅट्स अँड डायबेटिस’ या इंग्रजी ग्रंथात ही साखळी नाकारली आणि शर्करानियमनाचे केंद्र स्वादुपिंडाकडून मेंदूकडे नेले.

मेंदू आणि चयापचय यांचा संबंध नवा नाही. मेंदूच्या तळाशी विशिष्ट जागी टोचले असता प्राण्याच्या लघवीत साखर उतरते, हे क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच दाखविले होते. १९५१ मध्ये बाळकृष्ण आनंद व जॉन ब्रोबेक यांनी उंदरांच्या अधश्चेतकाचा, म्हणजे हायपोथॅलॅमसचा, बाजूचा भाग निकामी केला. तेव्हा उंदरांनी खाणेच सोडले. १९९४ मध्ये लेप्टिनचा शोध लागला आणि मेदपेशी मेंदूला साठ्याची वर्दी देतात हे स्पष्ट झाले. तरीही दवाखान्यातील मधुमेह स्वादुपिंडाचाच राहिला. ही विसंगती ठामपणे पुढे आणणे हे ग्रंथाचे मोठे श्रेय होय.

ग्रंथात मात्र दोन स्वतंत्र दावे एकत्र गुंफलेले आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही. पहिला दावा नियमनाचा. स्नायूंतील इन्सुलिनग्राही काढून टाकलेल्या उंदरांची रक्तशर्करा वाढत नाही, हे १९९८ मध्येच दिसून आले होते. अशा पुराव्यांच्या आधारे वाटवे यांनी २०२० मध्ये सहलेखिकेसह असे प्रतिपादन केले की, गाडी हाकणारा वेगळा आणि मुक्काम ठरविणारा वेगळा. उपाशीपोटीची शर्करापातळी इन्सुलिन ठरवीत नाही. हा दावा प्रयोगाने तपासता येतो, आणि तेच त्याचे बळ आहे.

दुसरा दावा वर्तनाचा. ‘सैनिक’ स्नायूंच्या बळावर जगतो, ‘मुत्सद्दी’ बुद्धीच्या. मुत्सद्द्याच्या शरीरात स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत आणि ग्लुकोज मेंदूसाठी राखले जाते. जेम्स नील यांच्या १९६२ मधील काटकसरी जनुकाच्या कल्पनेपेक्षा ही मांडणी अधिक समृद्ध आहे, यात शंका नाही. परंतु राजूरसारख्या गावातून तिच्याकडे पाहिले की एक मोठी रिकामी जागा दिसते. अकोले तालुक्यात पावसात वाकून भाताची आवणी करणारी, रानातून हिरडा वेचून आणणारी स्त्री सैनिक की मुत्सद्दी? तिचे श्रम स्नायूंचे आहेत, पण त्यांत आक्रमकता नाही. अनेकदा ते दुसऱ्याच्या बांधावरचे, दुसऱ्याच्या हुकमाचे आहेत. लढणे आणि वाटाघाट करणे यांच्यामध्ये राबणे नावाची एक विशाल मानवी अवस्था आहे. ग्रंथाच्या द्विभागणीत तिला घर मिळत नाही.

अडचण जन्माच्याही आधी सुरू होते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. वजनाने लहान असूनही या बाळांच्या अंगावरील मेद त्या प्रमाणात कमी नव्हता. ज्याने अद्याप कोणतेही वर्तन केलेले नाही त्याच्या शरीरात हा कल कोठून आला? वाटवे व याज्ञिक यांच्या २००७ मधील संयुक्त लेखात याचे उत्तर आहे : गर्भात खुरटलेला जीव लढण्यास असमर्थ, म्हणून त्याचे शरीर आधीच मुत्सद्देगिरीसाठी घडविले जाते. उत्तर चतुर आहे. पण लठ्ठ शहरी प्रौढ आणि कृश ग्रामीण अर्भक या दोघांनाही सामावणारी कल्पना नेमके काय नाकारते, हे सांगणे कठीण होते. उत्क्रांतिशास्त्रात ‘रणनीती’ म्हणजे हेतुपूर्वक निवड नव्हे, हे मान्य करूनही एक आक्षेप उरतो. आईच्या ताटात काय पडले हा शिधा, मजुरी आणि घरातील वाटपाचा प्रश्न आहे. ‘रणनीती’ या शब्दाच्या आड तो सहज दिसेनासा होतो.

ग्रंथात सुचविलेले उपायही याच मर्यादेत वावरतात. चपळाईचे, झुंजीचे खेळ बैठ्या नोकरदाराला उपयोगी ठरूही शकतील. पण आवणीच्या दिवसांत अर्धपोटी राबणाऱ्या आणि पुढे मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या शरीराबाबत ग्रंथ मौन पाळतो. वाटवे यांच्या गृहीतकाची खरी कसोटी अशाच शरीरांवर लागू शकते. कारण येथे कष्ट भरपूर आहेत, आक्रमकतेला वाव नाही आणि जन्मवजन कमी आहे. हे तीन घटक शहरी नमुन्यात एकत्र सापडणे अवघड आहे.